केबलवर 'नेक्स्ट जनरेशन' पुन्हा लागते आहे: ताणलेलं चित्र, गायब तारे, कापलेले भाग

मृगशीर्ष:

जुन्या मालिकांच्या एका केबल चॅनलवर 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही अवकाशयानावरची अमेरिकी मालिका सोमवार ते शुक्रवार रोज दोन भाग अशी लागते आहे. टीव्ही ४३ इंची, सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलेला, रेकॉर्डर बॉक्समध्येच. मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघायची आहे, पण अडचणी बऱ्याच आहेत आणि कुठली कशामुळे येते ते वेगळं करता येत नाहीये.

माणसं रुंद दिसतात. अवकाशाच्या दृश्यांत तारे जवळजवळ नाहीतच, नुसता काळा पडदा. यान हळू सरकतं तेव्हा थरथरतं. जाहिरात कधी कधी वाक्याच्या मधोमध येते आणि काही प्रसंग चक्क नसतात. रेकॉर्डरला 'सीरिज' लावली की तो एकतर काहीच घेत नाही, नाहीतर तोच भाग तीनदा घेतो. आणि ही संपल्यावर त्याच चॅनलवर मूळ 'स्टार ट्रेक' आणि 'बॅबिलॉन ५' लागणार आहेत, त्यांचा क्रम कुठला धरायचा तेही सांगा.

डिस्क घ्या, स्ट्रीमिंगवर बघा, हे उत्तर नको. केबलवर जे येतंय ते शक्य तितकं चांगलं कसं बघायचं, एवढंच विचारायचं आहे.

चौकट:

रुंदीचं आधी घेऊ, कारण त्याचं निदान दोन मिनिटांत होतं. चित्र तीन ठिकाणी ताणलं जाऊ शकतं: चॅनलकडे, बॉक्समध्ये किंवा टीव्हीत. ठिकाण न शोधता सेटिंग बदलली की एक चूक दुसरीने झाकली जाते आणि चॅनल बदलला की दोन्ही उघड्या पडतात.

मालिका ४:३ आकारात (रुंदी ४, तर उंची ३) बनलेली आहे. ती १६:९ च्या, म्हणजे आजच्या रुंद पडद्यावर पूर्ण रुंदीत पसरली तर प्रत्येक गोष्ट ३३ टक्के जास्त रुंद दिसते. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच असतो. त्यावर ४:३ चित्र पूर्ण उंचीचं बसवलं तर ७१ सेंमी रुंद व्हायला हवं आणि दोन्ही बाजूंना सुमारे १२-१२ सेंमीच्या काळ्या पट्ट्या राहायला हव्यात. हे टेपने मोजा, डोळ्यावर जाऊ नका. डोळा आठवडाभरात ताणलेल्या चित्रालाही सरावतो.

आता निदान. ग्रह पूर्ण गोल दिसेल असं दृश्य आलं की पॉज करा आणि त्याची रुंदी आणि उंची मोजा. मग कोपऱ्यातला चॅनलचा लोगो बघा. लोगो चित्रावर सगळ्यात शेवटी चढतो. लोगो प्रमाणात आहे पण ग्रह आडवा अंडाकृती, तर चॅनलनेच चित्र ताणून पाठवलं आहे. लोगो आणि ग्रह दोन्ही ताणलेले असतील तर दोष घरात आहे. मग बॉक्सचा मेनू उघडा. मेनूची अक्षरंही फताडी असतील तर टीव्ही ताणतोय. मेनू ठीक असेल तर बॉक्स ताणतोय.

बॉक्स ताणत असेल तर त्याच्या 'व्हिडिओ' किंवा 'डिस्प्ले' सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा आणि ४:३ चित्राचं काय करायचं या ठिकाणी 'पिलरबॉक्स' (बाजूंना काळ्या पट्ट्या) किंवा 'ओरिजिनल' निवडा. 'फुल', 'स्ट्रेच', 'झूम' यांतलं काहीही नको. टीव्ही ताणत असेल तर त्याचा पिक्चर साइज १६:९ किंवा 'ओरिजिनल' करा. बॉक्स स्वतः पट्ट्या टाकून देत असताना टीव्हीलाही ४:३ करू नका, नाहीतर चित्र दोनदा आवळलं जाईल आणि माणसं काठीसारखी दिसतील.

चॅनलच ताणत असेल तरी उपाय आहे. बॉक्स आहे तसा ठेवून टीव्हीचा पिक्चर साइज ४:३ करा. टीव्ही सगळं आडवं आवळतो आणि माणसं मूळ प्रमाणात येतात. लोगो तेवढा उभट होतो, त्याकडे बघू नका. बरेच टीव्ही एचडी सिग्नल असताना ४:३ चा पर्यायच देत नाहीत. तसं असेल तर बॉक्सचं आउटपुट ४८०पी किंवा ५७६पी (कमी रेघांचं एसडी चित्र) करा, पर्याय उघडतो. मूळ चित्र एसडीच असेल तर यात फार काही हरवत नाही.

एक फसवा प्रकार वेगळा सांगतो. 'पॅनोरमा' किंवा 'वाइड' नावाचा मोड मधला भाग जवळपास खरा ठेवतो आणि फक्त कडा ताणतो. चेहरे मध्ये असतात म्हणून ते बरे दिसतात आणि संशय येत नाही. यान पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाताना बघा: कडेला लांब, मध्ये आखूड, पुन्हा लांब होत असेल तर हाच मोड चालू आहे.

झूम असेल तर मात्र उंचीचा चौथा हिस्सा कायमचा कापला जातो. डोकी वरून छाटलेली, श्रेयनामावलीची खालची ओळ अर्धी, ही त्याची खूण. हे चॅनलने केलं असेल तर घरी काहीही करून परत येत नाही. आणि चारही बाजूंना काळं, मध्ये छोटं चित्र असेल तर पट्ट्या दोनदा लागल्या आहेत. तेव्हा १६:९ च्या चित्रालाही पडद्याचं ५६ टक्केच क्षेत्र मिळतं. तिथे, आणि फक्त तिथेच, टीव्हीचा झूम वापरायचा.

ओव्हरस्कॅनबद्दल (टीव्ही चित्र थोडं मोठं करून त्याच्या कडा पडद्याबाहेर घालवतो ते) माझं मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. नव्या कार्यक्रमांसाठी तो बंदच हवा. पण या काळातल्या टेपा ज्या टीव्हींसाठी बनल्या ते चित्राच्या कडा झाकायचेच, म्हणून कडांची कुणी फिकीर केलेली नसायची. ओव्हरस्कॅन पूर्ण बंद केला की वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा लुकलुकताना दिसतात. तो सबटायटलचा डेटा असतो, जुन्या सिग्नलमध्ये तो चित्राच्या अगदी वरच्या ओळींत बसवलेला असे. त्या दिसत असतील तर या चॅनलपुरता ओव्हरस्कॅन चालू ठेवा.

टेपघर:

तारे आणि थरथर या दोन्हींचं मूळ मालिका कशी तयार झाली त्यात आहे, म्हणून तेवढं आधी.

'नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) चित्रित झाली ३५ मिमी फिल्मवर, सेकंदाला २४ चौकटी. पण संकलन आणि स्पेशल इफेक्टची जुळणी झाली व्हिडिओ टेपवर, अमेरिकी ५२५ रेघांच्या पद्धतीत. त्यामुळे मूळ प्रक्षेपणाची प्रत एसडीच होती. २०१२ ते २०१४ या काळात ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून, संकलन नव्याने जुळवून, इफेक्टचे फिल्मवरचे तुकडे पुन्हा एकत्र करून एचडी प्रत बनवली. चॅनल कुठली प्रत लावतोय हे पहिल्याच भागात कळतं: गणवेशाच्या कापडाचा पोत आणि यानाच्या कवचावरच्या बारीक जोडरेघा वेगळ्या दिसत असतील तर नवी प्रत, लाल रंग कडेबाहेर पसरतोय, सगळ्यावर हलका धूसरपणा आहे, तर जुनी टेप. चॅनलच्या नावात एचडी असलं म्हणून प्रत एचडी असेलच असं नाही. ('डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' यांचं असं पूर्ण पुनर्निर्माण झालेलंच नाही. त्या लागल्या तर धूसरपणाला तुमचा टीव्ही जबाबदार नाही.)

तारे. टीव्हीतलं नॉइज रिडक्शन लागोपाठच्या चौकटी ताडून बघतं आणि जो बारीक ठिपका एका जागी टिकत नाही त्याला खरखर समजून पुसतं. सरकणारा तारा नेमका तसाच असतो. तपासायची पद्धत अशी: ताऱ्यांचं दृश्य बॉक्सवर पॉज करा. थांबवल्यावर तारे उगवत असतील आणि चालू केल्यावर मावळत असतील तर हे नॉइज रिडक्शनचंच काम. 'नॉइज रिडक्शन', 'डिजिटल क्लीन व्ह्यू', 'एमपेग नॉइज रिडक्शन', जी काही नावं तुमच्या टीव्हीत असतील ती सगळी बंद करा. 'ऑटो' म्हणजे बंद नव्हे. एसडी चित्र आलं की 'ऑटो' उलट जोर वाढवतो.

पॉज करूनही तारे नसतील तर दोन शक्यता. एक, चॅनलने इतका कमी बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) दिलाय की कॉम्प्रेशननेच ते खाल्ले. तुमच्या हातात काही नाही. दुसरी, काळ्याची पातळी जुळत नाही. एचडीएमआयवर काळा ते पांढरा हा पल्ला १६ ते २३५ किंवा ० ते २५५ असा दोन प्रकारे जातो. बॉक्स ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ समजतोय, तर अंधारातलं सगळं काळ्यात बुडतं, मंद तारे त्यातच जातात. उलटं असेल तर अवकाश राखाडी दिसतं. बॉक्सचं 'आरजीबी रेंज' आणि टीव्हीचं 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' दोन्ही 'लिमिटेड' किंवा 'लो' करा. टीव्ही स्वतः पट्ट्या काढत असेल तर त्या पट्ट्या म्हणजे टीव्हीचा खरा काळा रंग, म्हणून त्यांच्याशी अवकाश ताडून बघता येतं. फक्त या एकाच चॅनलवर अवकाश राखाडी असेल तर टेप उतरवताना काळ्याची पातळी चुकलेली असते. अमेरिकी ॲनालॉग पद्धतीत काळा शून्यावर नसून ७.५ टक्क्यांवर असायचा, ते उतरवताना वजा केलं नाही की असं होतं. तेव्हा ब्राइटनेस हळूहळू उतरवा, श्रेयनामावलीमागचा काळा रंग टीव्हीच्या चौकटीशी एकरूप होईपर्यंत, आणि मग तारे परत दिसेपर्यंतच चढवा.

थरथर. २४ चौकटी सेकंदाला ६० अर्धचौकटींत (एकाआड एक रेघांच्या अर्ध्या चित्रांत) बसवताना एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी वाटली जाते. टीव्हीचा 'फिल्म मोड' हा ताल ओळखून मूळ २४ चौकटी परत काढतो. पण या मालिकेचं संकलन टेपवर झालंय, म्हणजे प्रत्येक कटवर ताल मध्येच तुटू शकतो आणि टीव्हीला तो नव्याने शोधावा लागतो. कटनंतर क्षणभर यानाच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात ते यामुळे. क्षणभर दिसून जात असतील तर सोडून द्या. सतत दिसत असतील तर बॉक्सचं आउटपुट बदलून बघा: एकदा १०८०आय (अर्धचौकटींतलं एचडी), एकदा 'नेटिव्ह' म्हणजे चॅनल जसं पाठवतो तसं. बॉक्सपेक्षा टीव्ही हे काम सहसा चांगलं करतो, म्हणून त्यालाच करू द्या.

मोशन स्मूदिंग मात्र पूर्ण बंद. ते चौकटींच्या मध्ये नवी चित्रं बनवून घालतं. यान ताऱ्यांसमोरून जातं तेव्हा यानाच्या कडेजवळचे तारे कुठल्या बाजूला जोडायचे हे त्याला ठरवता येत नाही, आणि यानाभोवती पाण्यासारखी लहर उठते. आणि शार्पनेस शून्यावर आणा, कारण तो यानाभोवती पांढरी कड काढतो.

उत्तरध्रुव:

टेपघर यांचं बाकी सगळं मान्य, शार्पनेसबद्दल दुरुस्ती. काही टीव्हींत शून्य म्हणजे 'काही करू नको', पण काहींत मधला आकडा तटस्थ असतो आणि त्याखाली गेलं की टीव्ही चित्र मुद्दाम मऊ करतो. मऊ केलं की तारे पुन्हा जातात. बॉक्सचा मेनू उघडा, अक्षरांच्या कडा बघत शार्पनेस वरून खाली आणा. अक्षरांभोवतीची पांढरी कड जिथे नाहीशी होते तिथे थांबा. त्याच्याही खाली अक्षरं पुसट व्हायला लागतात.

'ट्वायलाइट झोन' सारखी कृष्णधवल मालिका लागली तर कलर थेट शून्य करा. केबलवर कृष्णधवल चित्रातही हिरवट-जांभळे डाग तरंगतात, ते जातात. त्यातले दुसऱ्या सीझनचे सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित झाले होते, ते अचानक वेगळेच, नाटकाच्या चित्रीकरणासारखे दिसतात. तिथे सेटिंगशी खेळू नका. आणि चौथा सीझन तासाच्या १८ भागांचा आहे, अर्ध्या तासाच्या वेळेत बसत नाही, म्हणून फेरप्रसारणात बरेचदा गाळतात.

मृगशीर्ष:

मोजलं. लोगो गोल, ग्रह आडवा, म्हणजे चॅनलच ताणतोय. टीव्हीत ४:३ चा पर्याय एचडीवर खरंच नव्हता. आउटपुट ४८०पी केल्यावर आला, आणि चित्राची रुंदी आता ७१ सेंमी भरते. नॉइज रिडक्शन 'ऑटो'वर होतं, बंद केल्यावर तारे आले. पांढऱ्या रेघाही दिसल्या, म्हणून ओव्हरस्कॅन चालू ठेवलाय. थरथर कमी झाली, पूर्ण गेली नाही.

आता कापाकापी. चॅनल प्रसंग कापतोय की वेग वाढवून वेळ वाचवतोय, हे कसं ओळखायचं?

सावकाश:

दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतं, म्हणून मोजमाप वेगवेगळं करायचं.

आधी मूळ लांबी. 'नेक्स्ट जनरेशन'चा भाग साधारण ४५-४६ मिनिटांचा. १९६६ ते १९६९ च्या मूळ 'स्टार ट्रेक'चा सुमारे ५०, कारण तेव्हा जाहिराती कमी असत. आज तासाच्या वेळेत कार्यक्रमाला ४२-४४ मिनिटं उरली तर 'नेक्स्ट जनरेशन'मधून दोन-तीन मिनिटं जातील, पण मूळ मालिकेतून सहा ते आठ. म्हणजे तुमच्या यादीतली पुढची मालिका जास्त सोसणार आहे.

वेग मोजायला त्याच भागाची पूर्ण प्रत कुठेतरी हवी. विकत नको, ग्रंथालयातली किंवा मित्राची चालेल. एकाच प्रसंगातले, मध्ये कट पडणार नाही इतके जवळचे दोन क्षण निवडा: दार उघडण्याचा आवाज आणि त्याच संवादातला शेवटचा शब्द, असे. पूर्ण प्रतीत ६० सेकंद आणि चॅनलवर ५७.६ सेकंद आले तर वेग ४ टक्क्यांनी वाढवलाय. अशी तीन-चार मापं वेगवेगळ्या अंकांत (मूळ जाहिरातींच्या जागांमधल्या तुकड्यांत) घ्या. सगळीकडे तेच प्रमाण आलं तर वेग. छोटी मापं बरोबर पण अख्खा अंक आखूड, तर कात्री. ४ टक्क्यांनी ४५ मिनिटं ३० सेकंदांच्या भागात जवळपास १ मिनिट ४९ सेकंद वाचतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या तीन जाहिराती आणि वर थोडं.

कानावर विसंबू नका. वेग वाढवताना आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने चढतो हे खरं, पण स्वर मूळ पट्टीत आणून ठेवणारी यंत्रं चॅनलकडे असतात. चित्रात मात्र खूण राहते: मधल्या चौकटी गाळलेल्या असतात, त्यामुळे संथ कॅमेरा दर काही क्षणांनी ठेचकाळतो. तुमची उरलेली थरथर याचीही असू शकते. एकदा मोजूनच बघा. २५ चौकटींची पद्धत असलेल्या देशांत फिल्मवरून उतरवलेल्या मालिका तशाही ४ टक्के जास्त वेगाने धावतात, त्याचा जाहिरातींशी संबंध नसतो.

कात्री ओळखायला रचना माहीत हवी. 'नेक्स्ट जनरेशन'च्या भागात आधी छोटा प्रास्ताविक प्रसंग, मग शीर्षक, मग पाच अंक. मूळ मालिकेत प्रास्ताविक आणि चार अंक. प्रत्येक अंकाचा शेवट लिहून केलेला असतो: संगीत चढतं, चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, पडदा काळा होतो. जाहिरात तिथे आली तर ठीक. संगीत न चढता, वाक्य तोडून आली तर ती चॅनलने घुसवलेली जादा जाहिरात आहे, आणि जिथे खरा अंक संपतो तिथे पडदा काळा होऊन कथा तशीच पुढे जाताना दिसेल.

कापताना कथेचा धागा तुटू नये एवढंच बघितलं जातं. म्हणून जातात कुठल्या गोष्टी, तर यान ग्रहाभोवती फिरतानाची दृश्यं, कॅप्टनच्या नोंदीची पहिली वाक्यं, लिफ्टमधलं बोलणं, आणि शेवटच्या अंकानंतरचा ब्रिजवरचा (यानाच्या नियंत्रणकक्षातला) छोटा प्रसंग. या मालिकेत माणसं कळतात ती नेमकी याच जागांवर. यंत्रमानव डेटा एखादा वाक्प्रचार समजून घेतोय, कॅप्टन पिकार्ड चहा मागतोय, असल्या प्रसंगांनी कथेचं कोडं सुटत नाही, पण ते गेले की उरतं फक्त कोडं. कापाकापीतली सगळ्यात वाईट गोष्ट मला हीच वाटते. पार्श्वसंगीताचा सूर मध्येच तुटून दुसरा सुरू झाला की समजायचं, इथे काहीतरी होतं.

एकच चॅनल तोच भाग रात्री उशिरा आणि संध्याकाळी वेगवेगळ्या लांबीचा लावू शकतो. रात्रीच्या वेळा आठवडाभर तपासा. जाहिराती कमी विकल्या जातात तेव्हा कात्रीची गरजही कमी पडते.

भागक्रम:

क्रमाबद्दल. 'नेक्स्ट जनरेशन'साठी प्रक्षेपणाचा क्रम धरा, निर्मितीचा नको. कारण ठोस आहे. पहिला सीझन पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडा. यानाची सुरक्षाप्रमुख ताशा यार हिचा मृत्यू ज्या भागात होतो तो 'स्किन ऑफ ईव्हिल' आधी चित्रित झाला आणि 'सिम्बायोसिस' नंतर, पण प्रक्षेपणात 'सिम्बायोसिस' आधी दाखवला. निर्मितीच्या क्रमाने लावलं तर ती मेल्यानंतर पुढच्या भागात कामावर हजर दिसते.

एकूण भाग कुठे १७६ तर कुठे १७८ लिहिलेले सापडतील. पहिला 'एन्काउंटर ॲट फारपॉइंट' आणि शेवटचा 'ऑल गुड थिंग्ज' मुळात दोन-दोन तासांचे होते. फेरप्रसारणात ते दोन-दोन भागांत लागतात, म्हणून १७८. रोज दोन, आठवड्याला दहा, म्हणजे एक फेरी साधारण १८ आठवड्यांची. चॅनलने मालिका पुन्हा सुरू केली तर चुकलेला भाग तितक्या आठवड्यांनी परत येतो. अपवाद म्हणजे सुट्टीच्या दिवसांचे सलग प्रक्षेपण, त्यात क्रम मोडतो. दुसऱ्या सीझनचा शेवटचा 'शेड्स ऑफ ग्रे' हा जुन्या दृश्यांचा जोडभाग आहे, तो चुकला तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या सीझनचा शेवट मात्र अर्ध्यावर तुटतो ('बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स') आणि चौथ्याच्या पहिल्या भागात पुरा होतो. तो शुक्रवारी आला तर सोमवारचं रेकॉर्डिंग आधीच लावा.

मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये भागांचा एकमेकांवर भार कमी आहे, त्यामुळे क्रमाने फरक पडतो तो सुरुवातीलाच. ८ सप्टेंबर १९६६ ला आधी 'द मॅन ट्रॅप' दाखवला. 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' ही दुसरी चाचणी-आवृत्ती, आधी बनलेली, पण तिसरी लागली. तिच्यात गणवेश वेगळे, डॉक्टर मॅककॉय नाही, संपर्क अधिकारी उहुरा नाही. हे दोष नव्हेत, ती आधीची आहे एवढंच. पहिली चाचणी-आवृत्ती 'द केज' एनबीसी वाहिनीने नाकारली होती. तिची दृश्यं 'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेत वापरली आहेत, म्हणून 'द केज' वेगळी लागली तर ती 'मिनॅजरी'नंतर बघा. २००६ पासून या मालिकेची नवे संगणकीय इफेक्ट घातलेली आवृत्ती फेरप्रसारणात आली. माझी पसंती जुन्या इफेक्टना, कारण प्रकाश आणि दाणेदारपणा उरलेल्या दृश्यांशी जुळतो. पण चॅनल दोन्ही देत नाही, जी येईल ती घ्यावी लागते.

'बॅबिलॉन ५' ही खरी परीक्षा. पाच सीझन, ११० भाग, त्यातले ९२ एकट्या जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी लिहिलेले, आणि कथा सलग. पहिल्या सीझनमध्ये सहज टाकलेलं वाक्य तिसऱ्यात फळतं, म्हणून एकही भाग गाळू नका. सुरुवात १९९३ च्या 'द गॅदरिंग'ने. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत: मूळ, स्टुअर्ट कोपलँड यांच्या संगीताची, आणि १९९८ ची पुन्हा संकलित, क्रिस्तोफर फ्रांके यांच्या संगीताची. दुसरी जास्त बांधेसूद आहे. 'इन द बिगिनिंग' हा दूरचित्रपट कथेच्या काळाने सगळ्यात आधीचा, म्हणून चॅनल कधी कधी तोच आधी लावतो. तो चौथ्या सीझननंतर बघा, कारण तीन सीझन जपलेली गुपितं त्यात उघड सांगितलेली आहेत.

'फायरफ्लाय' लागली तर 'सेरेनिटी' या दोन तासांच्या भागाने सुरुवात करा. फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये १४ पैकी ११ भाग दाखवले आणि हा पहिला भाग सगळ्यांच्या शेवटी.

नोंदवही:

रेकॉर्डर 'काहीच घेत नाही' याचं कारण सहसा 'फक्त नवे भाग' ही सेटिंग. गाइडमध्ये (बॉक्सवरच्या कार्यक्रमांच्या यादीत) प्रत्येक भागाची मूळ प्रक्षेपणाची तारीख असते. १९८७ ची तारीख दिसली की रेकॉर्डर त्याला पुनःप्रक्षेपण समजून सोडतो. 'नवे आणि पुन्हा' किंवा 'सर्व भाग' करा. 'तोच भाग तीनदा' हे उलट कारणाने होतं: चॅनलने गाइडमध्ये भागाचा क्रमांक न देता सगळ्यांना एकच सर्वसाधारण माहिती चिकटवली की रेकॉर्डरला ओळखता येत नाही. मग सीरिज रेकॉर्डिंग रद्द करून वेळेवर आधारित लावा: सोमवार ते शुक्रवार, पहिल्या भागाच्या २ मिनिटं आधीपासून दुसऱ्या भागानंतर ५ मिनिटांपर्यंत, दोन्ही भाग मिळून एकच सलग रेकॉर्डिंग. दोन वेगळी लावली तर पहिल्याची शेवटची आणि दुसऱ्याची सुरुवातीची जादा मिनिटं एकमेकांवर येतात, आणि ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) एकच मोकळा असेल तर दुसरं सुरूच होत नाही.

'किती भाग ठेवायचे' इथे बरेचदा पाचचा आकडा आधीपासून असतो, तो 'सर्व' करा, नाहीतर सहावा आला की पहिला पुसला जातो.

जागेचा हिशोब: १ एमबीपीएसला (सेकंदाला १ मेगाबिट) तासाला सुमारे ०.४५ जीबी. एसडी चॅनल ३ एमबीपीएसचा असेल तर तासाला १.३५ जीबी, १७८ तासांना २४० जीबी. एचडी ८ एमबीपीएसचा असेल तर ६४० जीबी. रेकॉर्डरमध्ये ५०० जीबी असेल तर एसडी आरामात मावेल.

आउटपुट ४८०पी केल्याने रेकॉर्डिंगचा दर्जा घटत नाही. बॉक्स चॅनलचा मूळ प्रवाह जसाच्या तसा साठवतो. आउटपुटची सेटिंग फक्त टीव्हीकडे जाणाऱ्या चित्राची.

मृगशीर्ष:

सावकाश, मोजलं. एका भागात चार ठिकाणी मापं घेतली, चारही ६० ला ६० आली, म्हणजे वेग वाढवलेला नाही. अंक मात्र आखूड, म्हणजे कात्री. पहाटेच्या प्रक्षेपणात त्याच भागात ब्रिजवरचा शेवटचा प्रसंग आहे, संध्याकाळी नाही. रेकॉर्डिंग पहाटेचं लावलं.

'बॅबिलॉन ५' लागेल तेव्हा टीव्ही ४:३ वरच ठेवायचा का?

चौकट:

लोगोची चाचणी पुन्हा करूनच ठरवा, कारण ती मालिका दोन आकारांत फिरते. अभिनयाची दृश्यं सुपर ३५ फिल्मवर, पुढे रुंद आकारात दाखवता येतील अशी चित्रित झाली होती, पण संगणकीय इफेक्ट ४:३ मध्येच तयार झाले. रुंद आवृत्तीत इफेक्टची दृश्यं वरून-खालून छाटून मोठी केलेली आहेत. संवादाचं दृश्य स्वच्छ, लगेच पुढचं स्थानकाचं दृश्य धूसर, असं आलटून पालटून दिसलं तर ती रुंद आवृत्ती, तेव्हा टीव्ही १६:९ वर. २०२१ मध्ये आलेली सुधारित आवृत्ती ४:३ आहे: फिल्मवरचे प्रसंग पुन्हा स्कॅन केलेले, इफेक्ट नुसते वाढवलेले, पण छाटलेले नाहीत. चॅनलने ती ताणली असेल तर आत्ताची सेटिंग तशीच चालेल. पट्ट्यांसह नीट पाठवली असेल तर टीव्ही १६:९ वर आणि आउटपुट परत १०८०आय.